म्हाळूबाप्पाने पुसलेला माग

म्हाळूबाप्पा गेल्याची बातमी मला गेवराईच्या बाजारात कळली. घोंगड्या विकायला बसलेल्या एका धनगराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मुन्शीजी, तुमचा माग काढणारा बाप्पा गेला की परवा." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कशानं?" तोही चौकशीच्या सुरात... पोलीस ठाण्यात मोहरीर म्हणून, म्हणजे लिहिणारा कारकून म्हणून, उभी हयात गेलेल्या माणसाला मरणाचीही कैफियत लागते. "म्हातारपनानं," धनगर म्हणाला, "अजून कशानं मरतंय मानूस?" त्याच्या बोलण्यातली धार मला कळली. त्या माळावरच्या लोकांचा माझ्यावर राग आहे आणि तो का आहे, हे मला ठाऊक होतं. निदान त्या दिवसापर्यंत मला तसं वाटत होतं.

या गोष्टीला आता सात आठवडे होत आले. ज्यांनी बाप्पाला पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की तो तलवाड्याकडच्या माळावरचा धनगर. चुकलेलं मेंढरू आणि लांडगा, दोघांचाही माग काढण्यात त्याच्या घराण्याचे डोळे तयार झालेले, आणि त्या डोळ्यांसाठीच सरकारने त्याला आमच्या गोदाकाठच्या ठाण्यावर नोकरीत घेतलं होतं. घर फुटलं, जनावर गेलं की बाप्पाला बोलावणं जायचं. उमटलेलं पाऊल सापडलं की तो आधी त्यावर बांबूची पाटी पालथी घालायचा, वाऱ्याने मोडू नये म्हणून, आणि मग उकिडवा बसून बघत राहायचा. माणूस ओझं घेऊन गेला की मोकळा, घाबरलेला होता की निर्धास्त, हे तो सांगायचा आणि ते बहुतेक खरं निघायचं. आमच्याकडे रिवाज असा होता की माग ज्या गावच्या शिवेत शिरेल त्या गावाने तो पुढे काढून दाखवायचा, नाहीतर गेलेल्या जनावराची भरपाई करायची. म्हणजे या एका माणसाच्या बोटाने सबंध गाव आरोपी व्हायचं. मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर संशय घेतला तो यामुळेच. ज्याचं म्हणणं दुसऱ्या कुणाला तपासताच येत नाही, तो सचोटीने वागत असेल कशावरून? पाटील लोक त्याला बोलावून बोलावून जेवू घालायचे, ते काय उगाच? माझी बायको म्हणायची, "तुमी देवळात गेल्यावर देवाकडंबी असंच बघता का हो?" माझा स्वभावच तसा, आणि ठाण्यात त्याला खतपाणीच मिळालं.

पुढे नवे अमीनसाहेब आले, आमच्या ठाण्याचे मुख्य. कोवळे, शिकलेले, हैदराबादेहून नव्या पद्धती घेऊन आलेले. त्यांच्यामागोमाग वरून हुकूम आला की ठाण्यातल्या प्रत्येक माणसाने सहा महिन्यांत उर्दू लिहा-वाचायला शिकावं, रोजची हकिगत स्वतःच्या हाताने लिहावी आणि गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे शाईने घेता यावेत. ज्याला जमणार नाही त्याने घरी जावं. शिकवायचं मी, आणि महिन्याच्या महिन्याला प्रत्येकाबद्दल 'लायक' की 'नालायक' हे लिहून द्यायचंही मीच. हुकूम वाचून दाखवला त्या दिवशी अंगणात घोळक्या-घोळक्याने कुजबुज सुरू झाली. जुन्यांना काढून आपली माणसं भरायचा हा डाव आहे, असं निम्म्यांचं मत होतं. माझंही तेच होतं, पण शिकवणाऱ्याने ते बोलून दाखवायचं नसतं. शेख नावाचा एक जवान मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्याला म्हणाला, "काय बे, आता चोर धरायचा का आलिफ-बे धरायचं?"

रोज सकाळी लिंबाखाली पाट्या घेऊन आमचा वर्ग भरू लागला. बाप्पा तेव्हा पन्नाशीच्या पुढचा. बोटं काठी धरून धरून ताठलेली, त्यात बोरू काही राहीना. उजवीकडून डावीकडे लिहायचं हे मात्र त्याने पटकन उचललं. ठशांचं तर त्याला वेडच लागलं. पहिल्यांदा त्याने बोट इतकं दाबलं की कागदावर नुसता काळा डाग उठला. आठवड्याभराने त्याच्या हातून असा स्वच्छ ठसा उमटला, की अमीनसाहेबांनी तो हैदराबादेला नमुना म्हणून पाठवला. ठशाच्या रेघांवर डोळे लावून तो बसला होता आणि मला म्हणाला, "मुन्शीजी, ह्यावरून मानूस कळतो व्हय?"

"कोण होता ते कळतं," मी म्हणालो.

"आन् कशापायी आलता, ते?"

"ते कसं कळंल, बाप्पा? ते कोर्टात कळतं."

तो हसला आणि बोटाची शाई धोतराला पुसली. त्यानंतर तो आपण होऊन मला पावलं शिकवू लागला. वर्ग संपला की ठाण्याच्या अंगणातच दाखवायचा: ही टाच खोल गेली, हा घाईत होता, हा वळून मागं बघत होता. घराण्याची विद्या हा मला, कारकुनाला, फुकटात का देतोय? महिन्याअखेरी 'लायक' लिहून घ्यायचं असेल, दुसरं काय... असा हिशेब मी मनात मांडला आणि तरी रोज शिकत राहिलो. एकदा मी विचारलंच. तो म्हणाला, "तुमी आमाला तुमचं देता, मग आमी आमचं देऊ नये व्हय?" मला हे उत्तर फारच गोड वाटलं, आणि गोड उत्तरावर मी कधी विश्वास ठेवत नसे.

सहावा महिना सुरू झाला होता. बाप्पाला स्वतःचं नाव सही म्हणून लिहिता येऊ लागलं होतं आणि मी त्याच्या नावापुढे 'लायक' लिहिण्याच्या बेतात होतो. अशात उमापूरच्या बाजूच्या एका वस्तीवरून खिल्लारी बैलांची जोडी गेली. मालक मोठा, गाऱ्हाणं थेट बीडपर्यंत पोचलेलं. अमीनसाहेबांनी मलाही बाप्पाबरोबर पाठवलं, जागेवर हकिगत लिहायला. सकाळभर आम्ही माग धरून चाललो. चोराने चपला हातात घेतल्या होत्या, बैलांच्या शेजारी अनवाणी पाऊल साफ दिसत होतं. नदीच्या वाळूत उतरलो आणि बाप्पा थांबला. बराच वेळ उकिडवा बसला. मग उठून म्हणाला, "हितं बुजला माग. पुढं काई दिसत न्हाई."

मला तर पुढे दिसत होतं. त्यानेच शिकवलेल्या डोळ्यांनी दिसत होतं की पावलं पाण्याच्या कडेने खालच्या अंगाला गेली आहेत. त्याने पाटी मागितली नाही. उलट चालता चालता खांद्यावरची घोंगडी खाली घसरू दिली आणि वाळूवरून दहा-वीस पावलं ओढत नेली. मी मागून सगळं पाहत होतो. मनात म्हणालो, सापडला! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो धागा हाती लागला, याचा मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

दुसऱ्या दिवशी बैल आपल्या पायांनी मालकाच्या दावणीला परत आले. मग तर काही शंकाच उरली नाही. चोराशी संगनमत, माग पुसला, बोभाटा होतोय म्हटल्यावर माल परत करवला. मी कैफियत लिहिली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. घोंगडी ओढल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अमीनसाहेबांनी बाप्पाला समोर उभं करून विचारलं, "सच है?" बाप्पाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाला, "मुन्शीजींनी लिवलंय ते खरं हाय." बडतर्फीचा कागद पुढे आला. शेखने सवयीने शाईची डबी सरकवली, अंगठ्यासाठी. बाप्पाने ती बाजूला केली, बोरू उचलला आणि मी शिकवलेल्या अक्षरांत, सावकाश, वरखालच्या नुक्त्यांच्या टिंबांसुद्धा, आपलं नाव लिहिलं. सरकारी कागदावर त्याने केलेली ही पहिली आणि शेवटची सही.

पुढची वीसेक वर्षं तो मेंढरांमागे होता. बाजारात भेटायचा. मी तोंड फिरवण्याआधीच त्याचा रामराम यायचा, आणि दर वेळी तो एकच विचारायचा, "ताईचं बरं हाय न्हवं?" माझी धाकटी बहीण नदीकाठच्या एका गावी दिली आहे. ह्याला माझ्या बहिणीची चौकशी कशाला? सूड घ्यायचा विचार तर नसेल? मी दोनदा दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, निरोप धाडला की त्या धनगरापासून सांभाळून राहा. दाजींनी त्यावर कधी काही उत्तर दिलं नाही.

बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. भेटायला गेलो असं म्हणावं, तर मनात कुठेतरी हेही होतं की मेल्यानंतर तरी काही उलगडतं का ते बघावं... बाप्पाच्या खोपटासमोर चार धनगर बसले होते आणि त्यांच्यात आमचे दाजी. नुसते बसले नव्हते, ओक्साबोक्शी रडत होते. सख्ख्या बापाला रडले नव्हते एवढे. मी त्यांना हाताला धरून बाभळीखाली नेलं आणि म्हणालो, "दाजी, तुमचा ह्याचा काय संबंध?"

त्यांनी सांगितलं. बैलांची ती जोडी आधी त्यांच्याशी ठरली होती. विकणाऱ्याने शब्द दिला होता आणि मग उमापूरकडच्या त्या बड्या माणसाला दिली, वर भर बाजारात दाजींची टर उडवली. डोक्यात राख घालून दाजी गेले आणि बैल सोडून आणले. "तुमच्याकडं दोन बारीला ठाण्यावर आलतो ना मी," ते म्हणाले, "तवाच बाप्पानं माजं पाऊल बघून ठिवलं असंल. वाळूतला माग बुजवला त्याच दिशी दिवेलागणीला घरी आला. म्हनला, ताईचं घर हाय हे. बैलं ज्याची त्याला जाऊ द्या. आन् मुन्शीजीला ह्यातलं काई कळाय नगं." बडतर्फी झाल्यावर दाजी कबूल व्हायला निघाले होते. बाप्पानेच अडवलं. "आता बोलून काय उपेग? माजी नौकरी माघारी यायची न्हाई, आन् मुन्शीजींची जाईल." दाजी त्या दिवसापासून वर्षातून दोनदा त्याच्याकडे येऊन बसायचे. मला पत्ता नव्हता. साऱ्या तालुक्यावर संशय घेणाऱ्या माणसाला आपल्या घरातलं काही दिसलं नव्हतं. हे सगळं लिहायला दाजींनीच सांगितलं आहे. नाव घालू का, विचारलं, तर म्हणाले, "दाजी म्हना. वळखनारे वळखतील."

मी खोपटाकडे परत आलो. बाप्पाची बायको, सगळे तिला माय म्हणतात, चुलीपाशी बसली होती. मी खाली बसलो, आणि तोंडून जे निघालं तो पुन्हा प्रश्नच होता. "माय, बाप्पानं मला का न्हाई सांगितलं? तिथं वाळूत, कानात सांगायचं होतं. मी गप बसलो असतो."

मायने मला पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "म्या बी हेच म्हनलं त्येंना. तर म्हनले, मुन्शी लई कडू मानूस हाय, पर कागदावर खोटं लिवनार न्हाई. त्येला कळलं तर बहिनीच्या मालकाचंबी नाव लिवील. मग त्यानं बहिनीला तोंड कसं दावावं? म्हनून न्हाई सांगितलं."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो, आणि सात आठवडे ते माझ्यापाशी आहे. पोलीस खात्यात मला कसलं शिक्षण मिळालं असेल तर ते उलटतपासणीचं. ती मी स्वतःची रोज घेतो आहे आणि रोज एकच उत्तर येतं. मी लिहिलं नसतं. दाजींचं नाव मी कागदावर येऊ दिलं नसतं. चांगल्या बोरूने, सफाईदार उर्दूत संशय कुणातरी गरिबावर नेऊन ठेवला असता, बहुधा बाप्पावरच. जन्मभर पावलांवरून माणसं ओळखणारा हा माणूस माझ्या बाबतीत चुकला. माझी जी लायकी नव्हती ती त्याने माझ्या पदरात घातली आणि तिच्यापायी आपली भाकर सोडली.

सकाळी दार उघडलं की अंगणातल्या धुळीत रात्रीतून कोण आलं-गेलं ते वाकून बघण्याची मला इतक्या वर्षांची सवय. त्यानेच लावलेली. अजूनही वाकतो, पण पावलं दिसली की डोळे मिटून घेतो. मग आत जाऊन बायकोला सांगतो, कुणी आलं नव्हतं.