व्याह्यांच्या बंदुकीला कोणती गोळी

आमच्या लेकीचं लग्न ठरायला एवढा वेळ का लागला, असं अजूनही कुणी ना कुणी मला विचारतं. पत्रिकेचं काही होतं का, मुलगा अमेरिकन म्हणून घरात भांडणं झाली का, असे आपापले अंदाज बांधतात. मी खरं कारण सांगितलं की त्यांना वाटतं, ही चेष्टा करतेय. खरं कारण हे होतं की हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीत कोणती गोळी घालावी, हे माझ्या नवऱ्याचं ठरत नव्हतं.

माझा नवरा म्हणजे कोणी शिकारी वगैरे नाही हं. सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये राहणारा, बँकेच्या रिस्क खात्यात नोकरी करणारा, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला पुणेरी माणूस. घरात झुरळ निघालं तर हा त्याला कागदावर घेतो आणि लिफ्टने खाली नेऊन बागेत सोडून येतो. त्याच्या हातात आजवर आलेलं सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे माझी विळी. तीही एकदाच, नारळ खवताना, आणि रक्त निघालं ते त्याचंच.

लेक इथल्याच विद्यापीठात संशोधन करत होती. तिच्याच विभागात तो मुलगा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. मुलगा चांगला होता, त्यात मला काही खोट काढता आली नाही, आणि मी प्रयत्न केला नाही असं नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी लेकीने आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, "आम्हाला लग्न करायचंय. डिसेंबरमध्ये त्याचं इथलं काम संपतं, तो परत जाणार. मलाही तिकडे नोकरी मिळतेय. पण बाबा हो म्हणाले तरच."

बाबा म्हणाले, "बघू."

हे 'बघू' काय चीज आहे ते मी तुम्हाला सांगते. लेक पहिलीत असताना तिने कुत्रा मागितला होता. तेव्हाही बाबा म्हणाले होते, बघू. आज ती सत्तावीस वर्षांची आहे आणि आमच्याकडे कुत्रा नाही.

दोन दिवसांनी महाशयांना हरकतीचा मुद्दाही सापडला. मुलाचे वडील दरवर्षी हरणाची शिकार करतात, असं लेक कधीतरी बोलून गेली होती. झालं! "हरणं मारणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी?" लेक म्हणाली, "बाबा, त्या हरणांशी नाही लग्न करत मी." पण ऐकतो कोण!

तरी मी रीतीप्रमाणे बैठक ठरवली. आता मुलाचे वडील पार तिकडे अमेरिकेतल्या टेकड्यांमध्ये, म्हणून बैठक व्हिडिओवर. शनिवारी आमची सकाळ, त्यांची शुक्रवारची संध्याकाळ. मी चांगली साडी नेसले, टीव्हीला लॅपटॉप जोडला, समोर लाडवांची ताटलीसुद्धा ठेवली. ते लाडू व्याही कसे खाणार होते, ते मला विचारू नका. पडद्यावर एक उंच, पिकल्या दाढीचे गृहस्थ आले. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकटेच राहतात. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर हरणाची शिंगं. माझा नवरा जो त्या शिंगांकडे बघत बसला तो हलेचना. मी हवापाण्याचं बोलले, त्यांनी हवापाण्याचं सांगितलं, आणि मग सगळेच गप्प.

त्यांनाही ती शांतता अवघड झाली असावी. नवऱ्याची नजर कुठे आहे ते त्यांनी बघितलं आणि म्हणाले, गेल्या वर्षी शिंगं नाही मिळाली. गोळी लागली, पण हरीण पडलं नाही, पळालं. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो, दुसऱ्या दिवशीही फिरलो, नाही सापडलं. अजून मनातून जात नाही. यंदा गोळी बदलावी की काय, असा विचार करतोय.

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा लॅपटॉप मिटणार. आणि माझा नवरा, झुरळांचा कैवारी, पुढे सरसावून काय विचारतो? "सध्या कोणती वापरता?"

मी कपाळावर हात मारला नाही, कारण कॅमेरा चालू होता.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी बैठक. लग्नाचा ल नाही. माझी गोळ्यांची शिकवणी मात्र बसल्याजागी फुकटात झाली. ठासणीच्या बंदुकीत म्हणे दारू तोंडातून ओततात, मग वरून गोळी घालून ती लांब गजाने तळापर्यंत ठासतात. एक बार उडाला की पुन्हा हे सगळं पहिल्यापासून, आणि तोवर हरीण तिथे आपली वाट बघत उभं राहत नाही. म्हणून जी एक गोळी घालायची ती विचार करून. गोळ्या तीन तऱ्हांच्या. एक जुनी, शिशाची गोल, कापडाच्या तुकड्यात गुंडाळून घालायची. दुसरी लांबट, वजनदार. तिसरी नव्या जमान्याची, प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली. आणि कुठली घ्यायची ते बंदुकीची नळी ठरवते. नळीच्या आत आटे असतात, त्यांचा पीळ सैल असेल तर गोल गोळी, घट्ट असेल तर लांबट.

व्याह्यांची बंदूक त्यांच्या वडिलांची. दुसऱ्याच शनिवारी त्यांनी सांगितलं की नळीचा पीळ सैल आहे. लेक मागून कॉफी घेऊन चालली होती. ती न थांबता म्हणाली, "सैल पीळ means round ball lah, Baba. Finish!"

"एवढं सोपं नसतं ते," बाबा म्हणाले.

ज्या माणसाने साधा मिक्सर घ्यायला एक अख्खी दिवाळी घालवली, त्याला काहीतरी सोपं असणं कसं चालेल? शिसं किती मऊ हवं? कापड किती जाड? हवा दमट असली तर? हरीण तिरकं उभं असलं तर? प्रत्येक शनिवारी एक नवी शंका, आणि व्याहीही असे सज्जन की प्रत्येक शंका मान हलवून ऐकून घेणार. ते दोघं बोलत बसायचे आणि मी मध्ये एकदा नमस्कार करून पोहे करायला जायचे.

पुढे पुढे तर कहर झाला. एका रविवारी स्वयंपाकघरात आले तर हा माझ्या मसाल्याच्या काट्यावर कणकेच्या गोळ्या तोलत होता. गोल वेगळ्या, लांबट वेगळ्या. शेजारी प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, आणि माझ्या सुती साडीच्या फॉलमधून कापलेली कापडाची चौकोनी ठिगळं. गोळी कापडात गुंडाळून हा लाटण्याने पाइपमध्ये ठासत होता. "कापडाला काहीतरी चरबी लावावी लागते," तो मला समजावत म्हणाला, "मी विचार करत होतो, साजूक तूप कसं वाटतं?"

"मुलीच्या लग्नात वाढायला तूप लागतं रे," मी म्हटलं, "तुझ्या तोफेला नाही मिळायचं."

एकदा तर तो कुठल्याशा दुकानातून नमुन्याच्या खऱ्या गोळ्या घरपोच मागवायच्या बेतात होता. सिंगापुरात! मी त्याचा हातच धरला. म्हटलं, इथे घरात गोळी सापडली तर तू आत जाशील, आणि मी तुला तिथे डबा घेऊन येणार नाही, आधीच सांगते. तेव्हा कुठे साहेब पुन्हा कणकेवर आले.

मी हसत होते, पण लेक हसायची थांबली होती. तिला तिकडच्या नोकरीला उत्तर द्यायचं होतं. कागदपत्रं अडली होती. मुलगा बिचारा घरी यायचा, माझी आमटी ओरपायचा, आणि जाताना तिच्याकडे बघायचा. ती मान हलवून नाही म्हणायची. मी नवऱ्याला किती वेळा म्हटलं, "अरे, एकदा काय ते बोलून टाक तिच्याशी." तो म्हणायचा, "हो, हे एकदा मार्गी लागू दे." हे म्हणजे गोळी!

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर गेलो. मीच ठरवलं होतं. म्हटलं बोटीत बसून, सायकली चालवून, मोकळ्या हवेत तरी हा माणूस बोलेल. जंगलातल्या रस्त्याला वळणावर एक रानडुक्कर उभं होतं. आम्ही थांबलो. लेकीला वाटलं बाबा घाबरले. छे! बाबा अंतर मोजत होते. "आडवं उभं आहे," तो पुटपुटला, "पुढच्या पायाच्या जरा मागे." आणि मग त्या डुकराने मान वळवून आमच्याकडे सरळ बघितलं, तसा हा एकदम गप्प झाला. डुक्कर झाडीत गेलं तरी हा सायकलचं हँडल धरून उभाच.

"एकच बार असतो," तो लेकीला म्हणाला. "सुटला की परत घेता येत नाही."

मला वाटलं, आला! आला बाबा मुद्द्यावर! मी मुद्दाम चार पावलं पुढे गेले.

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, हो की नाही? एवढंच सांगा. मी काहीही ऐकायला तयार आहे."

आणि माझा नवरा म्हणाला, "कापडाची जाडी अजून ठरत नाहीये."

लेक सायकलवर बसली आणि जी सुटली ती थेट धक्क्यावर. परतीच्या बोटीत ती आमच्याकडे पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. घरी आल्यावर मी नवऱ्याला असा झापला की शेजारच्या आजींनी दार किलकिलं करून बघितलं. "तुझ्या त्या शिशाच्या गोळीपायी पोरीला रडवलंस! लाज कशी वाटत नाही? नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण तोंड उघड!" तो उठून कणकेच्या गोळ्या डब्यात भरायला लागला. मला तर त्याचा जास्तच राग आला.

ऑक्टोबर उजाडला. तिकडे शिकारीचे दिवस जवळ आले. त्या शनिवारी मी पोह्यांना उठले नाही. म्हटलं, आज मी पण इथेच बसणार, आणि हा काही बोलला नाही तर मीच व्याह्यांना सांगणार की तुमचा नि आमचा वेळ फुकट जातोय. लेक आपल्या खोलीच्या दारात उभी होती.

व्याही पडद्यावर आले. मांडीवर तीच बंदूक, हातात तेलाचा बोळा. नवऱ्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "गोल गोळी. मऊ शिशाची, कापडात गुंडाळून. दुसरी कुठली नको."

"हो," व्याही म्हणाले. "या नळीला तेवढी एकच चालते. वडिलांनी बंदूक हातात दिली तेव्हाच मला सांगितलं होतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नवऱ्याने विचारलं, "मग इतके महिने माझ्या शंका का ऐकून घेत होतात?"

त्यांनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी चूक गोळीची नव्हती. गोळी हीच होती. उजेड संपत आला होता, हरीण लांब होतं, आणि मी घाई केली. त्या पहिल्या दिवशी तुमचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, या माणसाला मुलीबद्दल बोलायला लावू नये इतक्यात. तुम्ही गोळीचं विचारलंत, मी गोळीचं सांगितलं. तुम्हालाही दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं ना, कोणती ते?"

"हो," नवरा म्हणाला.

मसाल्याचा काटा, कणीक, साडीचा फॉल, सगळं बघून मी या माणसाला पाच महिने मूर्ख म्हणत होते. मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगत होते. आणि तो रोज बसून, अगदी मन लावून, एक ठरलेली गोष्ट न ठरवण्याचं काम करत होता.

"गोळी ठरली की पोर जाणार," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला, पडद्याकडे बघून. व्याह्यांना एक अक्षर कळलं नसणार. दारातून लेकीने त्यांना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग नवरा खुर्चीत वळला. लेकीकडे त्याने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"डिसेंबरपर्यंत तरी इथेच आहेस ना?"

"आहे, बाबा."

"रोज घरी जेवायला?"

"रोज, बाबा."

"मग हो," तो म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन व्याह्यांच्या समोर रडायला लागला.