टोक नसलेला क्यू

"पोरीच्या जातीले हा दांडा कायले पाहिजे, वकीलसाहेब? धुणं वाळू घालाले?"

कोर्टाच्या कचेरीतले नाझर हे बाबांना म्हणाले, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी तेव्हा मोठ्या इंजिनियरसाहेबांच्या व्हरांड्यात उकिडवी बसून एक लांब काठी शहाबादी फरशीवर लोळवून पाहत होते. बाबा थोडंसं हसले. नाझरांशी वाईटपणा घेणं कुठल्याच वकिलाला परवडत नसे. मी मान वर केली नाही.

आमच्या बुलडाण्यात तेव्हा अशी पद्धत होती, की साहेबाच्या बदलीचा हुकूम आला की बंगल्याच्या व्हरांड्यात सामान मांडलं जाई. पाळणा, मच्छरदाणीचे दांडे, कुंड्या, इंग्रजी मासिकांचे गठ्ठे. साहेबाशी घासाघीस करायची नाही, ती त्याच्या पट्टेवाल्याशी, खांबाआड उभं राहून करायची. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, बदल्या सारख्या निघत, आणि निम्म्या गावाच्या घरात कुठल्या ना कुठल्या साहेबाची खुर्ची असे. या वेळी छत्र्या ठेवायच्या पिंपात स्नूकरचे तीन क्यू उभे होते. मी त्यांच्यासाठी आले होते.

मी नागपूरला नन्सच्या शाळेत, मग कॉलेजात शिकले, वसतिगृहात राहून. इंटरनंतर आईच्या दुखण्यामुळे परत आले आणि माझ्या लक्षात आलं, की या गावात मला बोलताच येत नाही. माझं मराठी पुस्तकातलं, तेही अडखळणारं. शेजारच्या बायका "काऊन गं, तोंडाले कुलूप लावलं का?" असं विचारत. इंग्रजीत बोलले तर शिष्ट, आणि गप्प बसले तर त्याहून शिष्ट. संध्याकाळी बाबांबरोबर क्लबात जायचं आणि बायकांच्या खोलीत विणकाम घेऊन बसायचं, एवढंच उरलं.

त्या खोलीच्या दारातून खेळाच्या टेबलाचा एक कोपरा दिसे. त्यावर ताणून बसवलेला हिरवा लोकरी कपडा, म्हणजे बनात, वर टांगलेला दिवा, लाल गोळ्यांचा त्रिकोण. जुने सभासद बिलियर्ड्‌स खेळत, नवे इंजिनियर स्नूकर. त्या टेबलापाशी कोणी बोलत नाही, हे मला सगळ्यात आधी आवडलं. एकानं नेम धरला की बाकीचे श्वास रोखून उभे राहत. गप्प राहण्याला तिथं शिष्टपणा म्हणत नसत.

क्लबाच्या नियमांच्या पाटीवर एक कलम होतं. क्लबाचे क्यू फक्त सभासदांसाठी. घरच्या मंडळींना रविवारी सकाळी, सभासदाच्या देखत, स्वतःच्या क्यूनं खेळायला हरकत नाही. ज्यांनी ते लिहिलं, त्यांना खात्री असणार की कुणाच्याच घरच्या मंडळींकडे क्यू नसेल. मी ते कलम वर्षभर वाचत होते. एका व्यापाऱ्याच्या दोन मुलींना इंग्रजी शिकवून माझ्याजवळ तीस रुपये साठले होते. बाबा "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ हो असाच असे.

क्यू कसा निवडायचा ते मार्करनं सांगितलं होतं. टेबल राखणारा, गुण मांडणारा, क्यू दुरुस्त करणारा तो मार्कर. त्याला दुसरं नाव असल्याचं क्लबात कुणाला आठवत नसे. पन्नाशीचा, काळा, बारीक, साखरखेर्ड्याकडचा. मी त्यांना मार्करकाका म्हणे, आणि त्याचंच त्यांना नवल वाटे.

"दिसण्यावर जाऊ नका, बाई," ते म्हणाले होते. "खाली लोळवा. लंगडला की ठेवून द्या. शेंडा नवा लावता येते, पण वाकला दांडा सरळ होत नसते."

म्हणून मी फरशीवर बसले होते. पहिल्या क्यूच्या मुठीवर शिंपल्याची नक्षी होती. हातातून सोडवेना इतका देखणा. लोळवला तर टोक उड्या मारू लागलं.

"लाटणं पाहून राह्यली का बाई?" नाझर म्हणाले. पट्टेवालाही हसला.

दुसरा सरळ होता, कातडी म्यानासकट, पण माझ्या आवाक्यापलीकडचा. तिसरा फिकट लाकडाचा, मळका. त्याचं टोकच नव्हतं. चेंडूला लागते ती चामड्याची टिकली गळून गेली होती आणि खालची पितळी कडी सैल होती. लोळवला तर तो एखाद्या शहाण्या माणसासारखा शांतपणे भिंतीपर्यंत गेला. पंचवीसला मिळाला. बाबांनी तो सायकलला आडवा बांधला आणि आम्ही दोघं सायकल हातात धरून चालत घरी आलो.

मार्करकाकांनी क्यू एक डोळा मिटून पाहिला, बुडाकडून जमिनीवर हलकेच आपटून आवाज ऐकला. "चांगला घेतला," ते म्हणाले. "टिकली मुंबईहून मागवतो. पार्सल याले महिना लागते. मग सरसानं चिकटवायची, रातभर दाबून ठेवायची. घाई करू नका."

महिना होत आला, पार्सल आलं नाही. तीन रविवार मी टोक नसलेला क्यू घेऊन क्लबात गेले आणि भिंतीशी उभी राहून परत आले. विणकामवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, "आज पण काठीले हवा खाऊ घालाले आणलं का?" ते मला लागलं. लागण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, हे आता कळतं.

चौथ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आमच्या कामवाल्या मावशींबरोबर मी क्यू कापडात गुंडाळून बाजारात नेला. तिथं कडुलिंबाखाली एक सुतार बसे. तो बैल हाकायच्या तुतार्‍या करी. लांब काठी आणि तिच्या टोकाला ठोकलेली लोखंडी आर. त्यानं क्यू हातात घेऊन वाकवून पाहिला.

"तुतारीच ना ही? आर बारीक लावू का जाड?"

"आर नको," मी म्हणाले. "चामडं. गोल. छोटं."

"चामड्यानं बैल चालते काय?"

मावशी म्हणाल्या, "बैलाची नाही रे बाप्पा. साहेबलोकाचा खेळ हाय तो. तू लाव ना मुकाट्यानं."

त्यानं जुन्या मोटेच्या चामड्याची एक चकती कापली, पितळी कडी घट्ट बसवली, सरस लावला, चकती दाबली. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यानं तोंडात धरलेला एक बारीक खिळा काढला आणि चकतीच्या मधोमध ठोकला. डोकं चामड्यात पार बुडवलं.

"खिळा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"खिळ्याबिगर चामडं टिकते का कुठं?" तो म्हणाला. "आता बैल मरन, पण हे निघणार नाही."

खिळा नको होता, हे मला कळत होतं. काढा म्हणायला हवं होतं. पण मागं दोन शेतकरी आपापल्या काठ्या घेऊन उभे होते, आणि एवढं बोलण्यातच माझा धीर सरला होता. मी पैसे दिले.

रविवारी मार्करकाकांनी टोकावरून अंगठा फिरवला. "कुणी लावली?"

"बाजारात."

"सरसावर?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी कानशीनं चामड्याच्या कडा गोल केल्या, खडू लावला आणि क्यू माझ्या हातात दिला. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला. माझं बोलणं इतकं कमी, की त्यात खोटं असेल असं त्यांना वाटलं नसावं.

पुढचे चार रविवार मी खेळले. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसत. मार्करकाका पाठीमागून म्हणत, "हनुवटी काठीवर, बाई. अजून खाली. चेंडूशी गुपित बोलायचं असल्यावाणी." लाल गोळा जाळीत पडला की ते गुण मांडणाऱ्या फळीवरचा काटा सरकवत, मी एकटीच खेळत असूनही. मी सुखात होते. तो शब्द मी जपून वापरते.

पाचव्या रविवारी एक पक्षकार बाबांना शोधत क्लबात आला. कुणाला तरी ठाण्यावर नेलं होतं. बाबा उठले. नियमाप्रमाणे मलाही उठायला हवं होतं. पण बाबांनी माझं तोंड पाहिलं असावं. मार्करकाकांना ते म्हणाले, "अर्धा तास खेळू दे हिला. मी आलोच." काका पाटीकडे पाहून घुटमळले, पण वकीलसाहेबांना नाही कसं म्हणणार? थोड्या वेळानं ते टेनिसच्या मैदानावर पाणी मारायला गेले.

पांढरा चेंडू अगदी खालून मारायचा होता. मी वाकले, नेम धरला, हात पुढं सोडला. दुकानदार थानातलं कापड फाडतो तसा आवाज आला.

हिरव्या बनातीत चार बोटांची चीर पडली होती, टोकाशी काटकोनात वळलेली. टेबलाची खालची दगडी फरशी दिसत होती. मी क्यूचं टोक पाहिलं. चामडं झिजून बसलं होतं आणि खिळ्याचं डोकं वर आलं होतं, एका बाजूनं धारदार, चकचकीत.

मार्करकाका ओल्या पायांनी आत आले. त्यांनी चीर पाहिली, मग माझ्या हातातून क्यू घेतला आणि टोकावर अंगठा ठेवला.

"खिळा," ते म्हणाले. मग क्यू मला परत देत म्हणाले, "मले सांगाचं होतं, बाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावर आच्छादन ओढलं. "घरी जा. कपडा जुनाच होता, मी पाहून घेतो."

मी घरी गेले. दुपारी बाबांना सगळं सांगितलं, खिळ्यासकट. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सरकारी वकिलाच्या जागेसाठी त्यांचं नाव त्या महिन्यात वर गेलं होतं, आणि क्लबाचे अध्यक्ष म्हणजे जिल्हा न्यायाधीश होते. "नियम मी मोडला, तू नाही," ते म्हणाले. "पण आत्ता तू काही बोलू नकोस. मार्करला मी सांभाळून घेईन."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं ते वाटलं.

कपडा जुना होता यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मार्कर बाहेरच्या पोरांकडून पैसे घेऊन टेबल उघडून देतो, असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत ते सगळ्यांनी पाहिलेलं झालं. काकांची नोकरी गेली असती तर क्लबामागची खोलीही गेली असती. गावी त्यांचं काही उरलं नव्हतं. मावशींनी सांगितलं, की त्यांच्या बायकोनं भांडी पोत्यात भरायला घेतली आहेत. बाबा रोज म्हणत, "बोलतो, योग्य वेळी बोलतो." जेवताना ते माझ्याकडे पाहत नसत, मी त्यांच्याकडे पाहत नसे. क्यू कपाटामागं उभा होता.

क्लबाची कमिटी शनिवारी संध्याकाळी बसली. आम्ही बायकांच्या खोलीत होतो आणि मधलं दार अर्धं उघडं होतं. आत बैठकीच्या टेबलाभोवती सात जण, बाबा त्यांत शेवटच्या खुर्चीत. मार्करकाका टोपी हातात घेऊन भिंतीशी उभे होते.

"नवी बनात कितीले पडते, माहीत आहे का तुले?" सिव्हिल सर्जन त्यांना विचारत होते. "कुणाले खेळू दिलं, नाव सांग. नाव सांगितलं तर विचार करू."

"कुणाले नाही, साहेब."

"मग चीर आपोआप पडली?"

"कपडा जुना होता, साहेब."

"याले काढून टाका, जी," कुणीतरी कंटाळून म्हणालं. "चहा थंडा होऊन राह्यला."

बायकांच्या खोलीत सुया चालू होत्या. अध्यक्षांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का. मी दाराच्या फटीतून बाबांकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. ते बोलतील म्हणून मी थांबले. माझे बाबा भित्रे नव्हते. कोर्टात त्यांचा आवाज बाहेरच्या रस्त्यावर ऐकू येई. टोपण पुन्हा लागलं. मार्करकाका कुणाकडेच पाहत नव्हते.

मी उठले तेव्हा लोकरीचा गुंडा मांडीवरून पडून घरंगळत गेला. शेजारची बाई म्हणाली, "कुठं चालली गं?" मी दार ढकललं. सात चेहरे वळले. बाबांनी मान हलवली, नको अशी, अगदी बारीक. आठवडाभर मी इंग्रजीत तीन वाक्यं घोळवत आले होते, व्याकरणशुद्ध, कुणालाही फार न दुखावणारी. त्यांतलं एकही आठवलं नाही. बाबा त्या सकाळी उठून गेले होते हे सांगायचं की नाही, ते मी त्या क्षणापर्यंत ठरवलं नव्हतं, आणि त्याबद्दल गप्पच राहिले.

"बनात मी फाडली," मी म्हणाले. "माझ्या क्यूला खिळा होता, आणि तो आहे हे मला माहीत होतं. काकांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोलले."