मानेतली गाठ आणि फॉर्ममधली ओळ

“हें कॅन्सर न्हय,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचं वाक्य ऐकायच्या आतच आईने हात जोडले. “टीबी आसा. मानेच्या गांठीचो.” जोडलेले हात तसेच राहिले, खाली कसे आणायचे हे जणू ती विसरली होती.

म्हापशाच्या सरकारी इस्पितळातली ती खोली. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती आणि तिच्यावर मी स्केचपेनने लिहिलं होतं, ‘नर्सिंग, पहिलं सेमिस्टर’. आत बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, लसीचा कागद आणि कॉलेजचा आरोग्याचा फॉर्म. डॉक्टरांनी रिपोर्ट दिला तो मी त्याच फाइलमध्ये सरकवला. दुसरी फाइल नव्हती.

रिपोर्टवर नाव होतं लिम्फ नोड ट्युबरक्युलोसिस. लिम्फ नोड म्हणजे जंतू अडवणाऱ्या बारीक गाठी, त्या आपल्या मानेत, काखेत, जांघेत असतात. टीबीचे जंतू फुप्फुसाऐवजी तिथे ठाण मांडून बसले की गाठ फुगते. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून माझ्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नव्हती. हे सगळं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मला मात्र त्यातला टीबी एवढाच शब्द ऐकू आला.

गाठ मलाच सापडली होती, तीही अभ्यास करताना. आमच्या शेजारची सुचिताताई त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. तिने आपलं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक मला दिलं आणि सांगितलं, कॉलेज सुरू व्हायच्या आधी हाडांची नावं पाठ कर आणि नाडी बघायला शीक. मग काय, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखं माझं झालं. जो सापडेल त्याचं मनगट धरायचं. बाबा तुये गावच्या कारखान्यातून पाळी संपवून आले की बूट काढायच्या आधीच मी त्यांचा हात पकडायची. “जिवो आसां न्हय गो हांव? मगीर च्या दी,” असं म्हणत, चहाची वाट बघत ते उभे राहायचे.

मनगट झाल्यावर कॅरोटिड, म्हणजे मानेच्या बाजूने वर जाणारी मोठी रक्तवाहिनी. आरशासमोर उभी राहून मी स्वतःच्या मानेवर दोन बोटं ठेवली. नाडी लागली, पण तिच्या जरा मागे चिंचोक्याएवढं काहीतरी बोटाखालून सरकलं. दुखत नव्हतं. मी मोबाईलवर शोधलं. तुमच्यापैकी कुणाला अशी गाठ लागली तर एवढं करा, मोबाईलवर शोधू नका. पाच मिनिटांत मी मेले होते आणि माझ्यामागे आईचं काय होईल इथपर्यंत विचार पोचला होता.

तरी मी कुणाला बोलले नाही. कॉलेजसाठी प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला लागणार होता. गाठ दाखवली तर दाखला जाणार, दाखला गेला की जागा जाणार, एवढंच गणित माझ्या डोक्यात. दहा दिवस मी घरात ओढणी घेऊन वावरले. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते मी उकाड्यावर ढकललं. परिचारिका व्हायला निघालेली मुलगी स्वतःचा ताप मोजायला घाबरत होती.

पितळ उघडं पडलं ते गणवेशामुळे. पेडण्याच्या बाजारातल्या शिंप्याकडे आम्ही पांढरा गणवेश घालून बघायला गेलो, तर तो अंगावर झोळीसारखा लोंबायला लागला. “माप दिताना स्वास धरून रावलेलें काय तूं?” शिंपी वैतागून म्हणाला. आई हसत माझी कॉलर नीट करायला पुढे आली. तिची बोटं मानेशी थांबली.

“ह्या काय गे?”

मी काही नाही म्हटलं. तिने गणवेश तिथेच ठेवला आणि मला थेट आरोग्य केंद्रात नेलं. तिथून म्हापशाला पाठवलं.

म्हापशाला एफएनएसी केली. म्हणजे बारीक सुई गाठीत घालून आतला थेंबभर द्रव ओढायचा आणि काचेवर पसरून तपासायचा. दुखतं ते साधी सुई टोचल्याएवढंच. पण मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की तिथल्या सिस्टरनी विचारलं, शिकतेस काय? मी म्हटलं, नर्सिंगला जाणार. त्यांनी माझा हात बाकावरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.

रिपोर्टला आठवडा लागला. तो आठवडा कसा काढला ते सांगता येणार नाही. आई दिवसातून चारदा माझी गाठ चाचपायची, जणू तिच्या हाताने ती विरघळणार होती.

गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने, रोज, न चुकता. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मी किंचाळायचीच बाकी होते. ते एका गोळीच्या रंगामुळे होतं, आजार वाढल्यामुळे नाही. डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं, पण भ्यालेल्या माणसाच्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून सांगते, डॉक्टर बोलत असताना कागदावर लिहून घ्या. उलट्या व्हायच्या. जेवणाचा वास सहन होत नव्हता.

लागण होत नाही हे कळत असूनही मी माझा स्टीलचा पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला. संध्याकाळी बघते तो पेला परत मांडणीवर, बाकीच्यांच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीत ठेवला, आईने पुन्हा उचलला.

खरी धास्ती होती त्या फॉर्मची. त्यात शेवटची ओळ होती, ‘सध्या कोणत्या आजारावर उपचार सुरू आहेत का?’ पुढे दोन चौकोन. फॉर्म द्यायला सहा दिवस उरले होते.

“ना म्हूण बरय,” बाबा ‘नाही’च्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले. “एक्स-रे नितळ आसा. गांठ कोणाक दिसता?” माझे बाबा खोटं बोलणारे नव्हेत. त्यांच्या आत्याला या आजारात घराबाहेरच्या खोपीत ठेवलं होतं, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांना जागेपेक्षा लोकांची जास्त भीती होती. आणि खरं सांगते, मलाही त्यांचंच ऐकायचं होतं. पेन घेऊन मी तीनदा बसले. लपवलं आणि वर्गात सगळ्यांसमोर उलटी झाली तर? सांगितलं आणि त्यांनी घरी पाठवलं तर? दोन्हीकडे विहीरच दिसत होती.

“देवाक इचारूया,” आई म्हणाली. आई सिंधुदुर्गातली, दोडामार्गाच्या बाजूची. तिच्या माहेरी आणि आमच्याही गावात अडलेली गोष्ट देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आईचं लग्न, आमचं घर, माझं नर्सिंग, सगळं कौल घेऊन झालेलं. पडलेला कौल तिने कधी मोडलेला नाही, आणि मोडणाऱ्यांचं काय झालं याच्या गोष्टी मी तिच्याकडूनच ऐकल्या होत्या.

सोमवारी सकाळी ती एकटीच देवळात गेली. माझं डोकं गरगरत होतं. परतायला तिला फार उशीर झाला. आली ती पायरीवर बसली आणि पाणी प्याली, माझ्याच पेल्यातून.

“काय विचारलंस?” मी म्हटलं.

“कॉलेजात खरा सांगू काय, असा इचारलंय. उजवो झालो कौल. सांगान टाक.”

बाबांनी मान खाली घातली. कौलापुढे त्यांचंही काही चालत नसे. मी फॉर्म घेतला आणि ‘होय’च्या चौकोनात खूण केली.

कॉलेजच्या प्राचार्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. “औषध चालू आहे ना? चुकवत नाहीस ना?” म्हणाल्या. “तुझ्या डॉक्टरांचं पत्र आण, मग ठरवू.” मी पत्र नेऊन दिलं. त्यानंतर आठ दिवस काही कळलं नाही. सुचिताताई रोज वर्गाच्या गोष्टी सांगायची आणि मी ऐकायचं टाळायची. शिंप्याने पुन्हा उसवून बारीक केलेला गणवेश खुंटीवर तसाच होता. मी हाडांची नावं म्हणायला बसायची आणि मानेच्या सात मणक्यांशी येऊन रडायची.

नवव्या दिवशी फोन आला, सोमवारपासून ये. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. “तू लिहिलं नसतंस तर महिन्याभरात आम्हाला गोळ्यांच्या त्रासावरून कळलंच असतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग मात्र मी तुला ठेवलं नसतं.”

सहा महिने झाले. गाठ बसली, बारीक केलेला गणवेश घट्ट झाला आणि डॉक्टरांनी औषध बंद केलं. आई म्हणाली, देवाला नारळ ठेवूया, गाऱ्हाणं घालूया. गाऱ्हाणं म्हणजे आपल्या वतीने गुरव देवापुढे सगळं मोठ्याने मांडतो आणि उभे असलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा, आई, मी हात जोडून उभे राहिलो. आईने गुरवाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्याने तिच्याकडे जरा वेळ बघितलं, मग सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! ह्या बायेन आज तुका नारळ ठेवलो असा!”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“तुझो कौल डावो झालेलो असताना तिना घराकडे उजवो म्हणान सांगल्यान! ती चूक पोटात घाल, आणि तिच्या चेडवाक सुखी ठेव रे म्हाराजा!”

कुणीच काही म्हणालं नाही. आई डोळे मिटून उभी होती. ते सहा महिने मी टीबीला घाबरत होते आणि ती एकटी देवाला घाबरत होती.

“व्हय म्हाराजा,” बाबा म्हणाले. मग मी म्हटलं, मोठ्याने.

घरी येताना वाटेत मी तिला विचारलं, असं का केलंस?

“आपल्याच घरात तू आपलो पेलो येगळो ठेवलंस,” ती म्हणाली. “चार वर्सां लोकांमदी लपान तू कशी रवतलंस गे? म्हटलंय, देव रागावलो तर माझ्यार रागावांदे.”