मिस्त्रींचं नाक

सातपूरची आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी तिशीला आलो होतो. पदरात दोन वर्षांची मुलगी होती. हातात लेथचं काम होतं, पण लेथवाल्यांची तेव्हा शहरात काही कमी नव्हती. वर्षभर चकरा मारल्यावर नाशिक रोडला एका मिस्त्रींच्या गाळ्यात काम मिळालं. तिथे लहान इंजिनं दुरुस्तीला यायची. द्राक्षबागेत फवारणीला लागणारी, विहिरीवरची रॉकेलवर चालणारी, आणि पुढे पुढे दुकानदारांचे जनरेटर.

मिस्त्री मूळचे चांदवडकडचे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, अंगाने बारीक, बोलणं तेवढ्यापुरतं. पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "इंजिन मरत नाय. त्याला प्यायला नीट मिळत नाय म्हणून बसतं." आणि खरोखरच, येणाऱ्या दहा इंजिनांतली सात-आठ पेट्रोलच्या वाटेवरच अडलेली असायची. टाकीत गंज, गाळणीत कचरा, कार्बोरेटरच्या जेटमध्ये साचलेला चिकट थर. जेटचं भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरून पाहावं लागे. त्यात तार घालू द्यायचे नाहीत. तारेने भोक मोठं होतं आणि मग इंजिन जास्त पितं. ब्रशचा एक केस घेऊन ते अर्धा-अर्धा तास एका जेटपाशी बसायचे.

पण लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या नाकासाठी. टाकीचं झाकण उघडायचं, वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, यात रॉकेल मिसळलंय, किंवा हे गेल्या वर्षीचं पेट्रोल आहे, ओतून टाका. कधी चुकायचे नाहीत. चांदवडहून एसटीच्या टपावर इंजिन बांधून आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

मी तिथे रुळलो, हळूहळू हात बसला. पाच-सहा वर्षं गेली असतील. मग मिस्त्रींनी एक नवीन पद्धत सुरू केली. झाकण उघडलं की टाकी आधी माझ्यापुढे धरायचे.

"सांग, काय हाय?"

मी वास घेऊन सांगायचो. मग ते वाकायचे, मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाला तेच सांगायचे. मला वाटे, मला तयार करतायत. घरी बायकोला मी अभिमानाने सांगितलं होतं की आता मिस्त्री माझ्या शब्दावर चालतात.

एकदा द्राक्षाच्या फवारणीच्या दिवसांत गंगापूर रोडच्या पलीकडचे एक बागाईतदार इंजिन घेऊन आले. आभाळ भरलेलं होतं, बागेवर रोग पडायची भीती होती, माणूस घाईत होता. मिस्त्रींनी टाकी माझ्यापुढे धरली. मला तीन दिवस सर्दी होती, नाक पार चोंदलेलं. पण तसं सांगायचा कंटाळा आला आणि मी म्हणालो, "ताजं आहे."

मिस्त्री वाकले, चांगला लांब श्वास घेतला आणि बागाईतदाराला म्हणाले, "पेट्रोल ताजं हाय. खराबी कार्बोरेटरमधी हाय."

आम्ही कार्बोरेटर दोनदा उघडला, दोनदा साफ केला. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, इंजिन काही चालू होईना. शेवटी मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. ते कोऱ्या चहासारखं तांबूस झालेलं होतं. बागाईतदार जवळ येऊन म्हणाले, "केवढा घाण वास मारतंय हे."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते फडक्याने हात पुसत होते. नवीन पेट्रोल भरून इंजिन सुरू झालं, माणूस निघून गेला, तेव्हा म्हणाले, "सर्दी झालीय का तुला?"

"हो."

"मग आधी सांगायचं."

बस. गाळ्यात त्या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच. त्यांना वास येत नव्हता. जन्मभर नळीने तोंडाने पेट्रोल ओढलं, तोंडानेच जेट फुंकले, त्याने गेला असेल, की वयाने, मला माहीत नाही. मी कुणाला बोललो नाही. मी म्हणायचो की त्यांची लाज राखतोय. खरं तर मला ते सोयीचं होतं. एकदा कारखान्याने मला नको असलेल्या सामानासारखं बाहेर काढलेलं होतं. इथे मात्र माझ्यावाचून अडत होतं.

अशी आणखी तीन वर्षं गेली.

मुलगी सातवीत होती. तिच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. अकरापर्यंत येतो, असं मिस्त्रींना सांगून गेलो. शाळेचं काम दहालाच संपलं. फाटकाशी कंपनीतला जुना सोबती भेटला. चहा झाला, मग बंद पडलेल्या कंपनीच्या गप्पा, मग दुसरा चहा. मी गाळ्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.

शटर काळं पडलं होतं. शेजारचा पंक्चरवाला वाळूची रिकामी घमेली घेऊन उभा होता. त्याने सांगितलं ते असं. सकाळी कुणीतरी जनरेटर ठेवून गेलं. त्याच्या टाकीचा कॉक गळत होता आणि पेट्रोल बाकाखालच्या गोणपाटात मुरत गेलं. मिस्त्री तास-दीड तास तिथेच बसून दुसरं इंजिन करत होते. मग त्यांनी ठिणगी बघायला प्लग काढला, इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली.

"मी रस्त्यावरून जाताना वास आला," पंक्चरवाला म्हणाला. "हाक मारणार तेवढ्यात भडका झाला. एवढा वास, आणि मिस्त्रींना कसा नाही आला?"

त्यांना कुठल्या दवाखान्यात नेलं, ते मी विचारलं.

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, हनुवटी आणि गळाही. सरकारी दवाखान्यात त्यांची बायको बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. मी तिला वहिनी म्हणायचो. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "भाऊ, यांना वास येत नव्हता. घरात दूध करपायचं अन् हे शेजारी पेपर वाचत बसायचे. मी म्हणलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणले, गाळ्यात कळलं तर कोण येईल? कुणाला बोलू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी."

"मीच सांगायला पाहिजे होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना एकटं सोडलं नसतं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला, असं काही नाही, असं काही नाही, म्हणत राहिलो.

मिस्त्री वाचले, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. पाना धरता येईना. दोघं चांदवडच्या बाजूला गावी गेली, गाळा मी चालवू लागलो. वर्षातून एकदा भेटायला जायचो. ते ओसरीवर बसलेले असायचे, पुढे कांदा वाळत घातलेला. कांद्याचं, पावसाचं बोलायचे. कुठल्या इंजिनाचं कधी विचारलं नाही.

एकदा वहिनी पाणी आणायला गेल्या तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, मी वहिनींशी खोटं बोललो. मला माहीत होतं ना."

ते आखडलेला हात दुसऱ्या हाताने चोळत राहिले. "आता सांगून तिला काय करायचं?" म्हणाले. मला त्या वेळी ते बरंच वाटलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

तीन-चार वर्षांनी ते गेले, साध्या तापाने. दहाव्याला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर बायका-माणसं ओसरीवर बसली होती. गाळ्यातल्या आगीची गोष्ट निघाली, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या भाऊंना तेव्हा मी एक शब्द सांगितला असता, तर हे असं झालं नसतं. लय जीव होता भाऊंचा त्यांच्यावर."

सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली. पाच वाजता नाशिकची एसटी होती. वहिनींनी पिशवीभर कांदे बांधून दिले आणि मी ते घेतले.