बारीक उजेडाची टॉर्च

मिल बंद पडली, बाजार खुला झाला आणि इंदूरच्या माझ्या दुकानात पाण्यात चालणाऱ्या विदेशी टॉर्च आल्या. एक माणूस बघायला आला. आधी मिलमध्ये होता. आता विहिरीत उतरून बुडालेल्यांना बाहेर काढायचा. बादली मागवून त्याने एकेक टॉर्च पाण्यात लावून पाहिली.

मी सगळ्यात भारी टॉर्च पुढे केली. "ही घ्या, तळ लख्ख दिसेल."

बादलीभर उजेड पसरला. त्याने झटकन बटण बंद केलं.

"बारीक उजेडवाली द्या न, भिया. नुसता हात दिसला तरी बस, धरून वर आणतो."

"आणि चेहरा?"

"मिल बंद झाल्यापासून सगळे ओळखीचेच निघतात. वर येईपर्यंत तरी तो कुणी परका असू द्या."