मामांच्या जीपमधल्या रिकाम्या जागा

तंजावरला आम्ही मराठी घरात बोलतो; लिहायला मी कॉलेजात आल्यावर शिकलो. तेव्हा मामांसारख्या माणसावर लिहायला बसतो आहे, याची आधीच माफी मागतो. पण अख्ख्या कावेरीकाठी माणूस भेटताच मनात त्याचं वजन करणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो माझ्या आईचा धाकटा भाऊ, एवढं खात्रीनं सांगतो.

मामा लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी जीपमागच्या ट्रॉलीतून पोचवत. जीप किती ओढते आणि किती पेलते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते तोंडात घास असतानाही समजावत. नव्या जावयाला नमस्कार करतानाही त्यांची नजर त्याच्या पोटावर असे. एकदा तिरुवैयारूच्या लग्नाला निघताना जीपमधल्या रिकाम्या जागा पाहून नातेवाईक चढून बसले. मामा हात जोडून म्हणाले, "तिघं उतरा."

"अय्यो, भांडी ट्रॉलीत आहेत की! त्यांचं वजन तिच्या चाकांवर," थोरली मावशी म्हणाली.

"सगळं नाही, अक्का. ट्रॉलीचं नाक जीपच्या हुकावर टेकतं. तेवढं ओझं जीपच्याच पाठीवर. वर तुम्ही. ब्रेक लागेल का? तुझं वजन सांग."

मावशीनं सांगितलं.

"हे लग्नाआधीचं. आताचं सांग."

मावशी तरातरा उतरली नि बसनं गेली. आम्ही पोचलो तर मांडवाच्या दारात उभी. "माझं वजन घेऊन आली हो ती बस, तुझ्याआधी!"

मी कॉलेजला निघालो, आमच्या घरातला पहिलाच, तेव्हा मामांनी ट्रॉली सोडून ठेवली. "आज मागं काही नको. शेजारी बस." हॉस्टेलपाशी एवढंच म्हणाले, "ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंगचं चाक उलटं फिरवायचं. पोंगलला ये, शिकवतो."

पोंगलच्या आधीच त्यांना अंधुक दिसू लागलं. ऑपरेशन झालं की दिसेल, अशी आशा होती. हॉस्टेलसमोर कुणी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेऊ लागला की मी त्या ड्रायव्हरचे हात पाहत उभा राहतो.

काल आईचा फोन आला. डोळ्यांची पट्टी काढली. जवळचं दिसतं, पण गाडी चालवण्याइतकं आता दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जीप ओरत्तनाडूचा एक जण सकाळी विकत घेऊन गेला.

"मामा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? जेवला. मग भिंतीकडे तोंड करून निजला."