आईचा पहिला बार
दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा वास आला, की मला मंद्रूपजवळची ती बंद पडलेली दगडाची खाण आठवते. वडील गेल्यावर त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना आईच्या नावावर झाला होता. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं उभं रान लोळवत, म्हणून त्याआधीच बंदूक तपासायला आम्ही खाणीत गेलो. चुलत्यांनी समोरच्या बाभळीला फुटकं घमेलं टांगलं आणि ते म्हणाले, "वहिनी, लई दिस पडून हाय, नळी फुटंल. माझ्याकडं द्या." "परवाना माझ्या नावावर हाय, भावजी. बार मीच काढणार," आई म्हणाली. वडील भरत तसंच तिनं नळीत दारू ओतली, चिंध्या कोंबून गजानं ठासल्या, वर छर्रे घातले, केप बसवली, पदर खोचला आणि चाप ओढला. नुसती केप फुटली, आतली दारू पेटलीच नाही. चुलते पुढं धावले. "हितं येऊ नका! बार मागनंबी उडतो!" आई ओरडली आणि नळीचं तोंड घमेल्याकडंच ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग केपेखालचं बारीक छिद्र तिनं सुईनं साफ केलं आणि नवी केप बसवली. या वेळी सगळी खाण दणाणली. धूर विरला तेव्हा घमेल्याची चाळण झाली होती आणि आई हसत खांदा चोळत होती. चुलते हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या रानाकडंबी एक बार काढा की." परवा परवान्याच्या नूतनीकरणाला मी तिच्यासोबत गेलो. कारकुनानं माझ्याकडं बघून विचारलं, "बंदूक चालवतं कोण?" मी तोंड उघडायच्या आत आईनं अर्ज स्वतःकडं ओढून घेतला होता.